विलायतेतलं जुनं घर, बुजवलेली फायरप्लेस आणि आईची थंडी

रानजाई | २ ऑक्टोबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही शेफील्डला घर घेतलं. १९०५ सालचं, रांगेतलं, विटांचं. पुढच्या खोलीत फायरप्लेस आहे, म्हणजे होती. आधीच्या कुणीतरी तिच्या तोंडावर प्लायवूड ठोकून वर वॉलपेपर चिकटवलाय आणि खाली वीतभर जाळी ठेवलीय. वारा सुटला की त्या जाळीतून घुमल्यासारखा आवाज येतो आणि जुन्या काजळीचा वास खोलीभर पसरतो.

गॅसचा बॉयलर आहे, प्रत्येक खोलीत रेडिएटर आहे. पण भिंती भरीव विटेच्या, मध्ये पोकळी नाही. बॉयलर थांबला की तासाभरात खोली गार.

डिसेंबरात आई येतेय साताऱ्याहून, तीन महिन्यांसाठी. मागच्या खेपेला भाड्याच्या घरात ती दिवसभर रेडिएटरला पाठ लावून बसायची. म्हणायची, "ह्या लोखंडाला ऊब आहे गं, पण विस्तव नाही." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून ती फायरप्लेस उघडावी असं मला फार वाटतंय. नवऱ्याचं म्हणणं, आता खर्च करायचाच तर हीट पंप बसवू, सरकार अनुदानही देतंय.

उघडी आग, बंद दाराचा लाकडी स्टोव्ह, गॅसची आग, विजेचं काही, की हीट पंप? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटमाथा | २ ऑक्टोबर, रात्री १०.०२

रानजाई, उघड्या आगीच्या नादी लागू नका. आम्ही रेडिंगच्या घरात पहिल्या नाताळात हौसेनं पेटवली होती. पुढून गुडघे भाजत होते आणि पाठीला मानेपासून कमरेपर्यंत थंडी वाजत होती. कारण साधं आहे. उघडी आग जळायला हवा लागते, ती खोलीतली तापलेली हवा ओढते आणि चिमणीतून वर सोडते. तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा खोलीला मिळतो. चांगल्या बंद स्टोव्हमध्ये हेच प्रमाण ७० ते ८० टक्के असतं.

दुसरं, शेफील्डचा बहुतेक भाग धूरनियंत्रण क्षेत्रात येतो. तिथं उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळता येत नाही, मान्यता असलेलं धूररहित इंधनच चालतं. लाकूड जाळायचं तर सरकारमान्य यादीतला स्टोव्ह लागतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे धुरकट धुकं साचलं आणि हजारो माणसं गेली, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. हे नियम तिथपासूनचे.

निखारा | २ ऑक्टोबर, रात्री १०.४०

घाटमाथा, आकडे बरोबर आहेत, पण आग कुणी फक्त टक्केवारीसाठी पेटवत नाही. आमच्याकडे वेल्समध्ये खेड्यात उघडी फायरप्लेस आहे. शनिवारी संध्याकाळी सगळं घर तिच्याभोवती येऊन बसतं. मोबाइल आपोआप बाजूला पडतात. रेडिएटरभोवती कधी कुणी गोल करून बसलेलं पाहिलंय? आईंना जो विस्तव हवाय तो हाच आहे.

फुलपुडी | ३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

वाचतेय. आईचं वाक्य काळजाला भिडलं.

यंत्रवेडा | ३ ऑक्टोबर, दुपारी १.३०

मी स्टुटगार्टजवळ राहतो, काम हीटिंगच्याच क्षेत्रात. तेव्हा हीट पंपाबद्दल लिहितो.

हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीवर सोडतो, म्हणून ती जाळी हाताला गरम लागते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करतो आणि घरात सोडतो. बाहेर शून्य अंश असलं तरी त्या हवेत उष्णता असतेच. तो उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. म्हणून एक युनिट वीज खाऊन साधारण तीन युनिट उष्णता देतो.

आता हिशेब. इंग्लंडमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळजवळ चौपट पडतं. गॅसचा चांगला बॉयलर एका युनिटातून ०.९ युनिट उष्णता देतो. म्हणजे पंपानं एकास तीन दिलं तर बिल गॅसपेक्षा थोडं जास्तच येईल. साडेतीनच्या वर गेला तरच बरोबरी. आणि तो किती देणार हे तुमच्या घरावर ठरतं. बॉयलर रेडिएटरमध्ये ७० अंशांचं पाणी पाठवतो, पंपाला ४०-४५ अंशांवर काम करायला आवडतं. कोमट पाण्यानं खोली तापवायची तर रेडिएटर मोठे हवेत आणि घरातून उष्णता सावकाश बाहेर जायला हवी.

तुमच्या भिंती भरीव आहेत. आज पंप बसवलात आणि भिंती, माळा, फटी तशाच ठेवल्यात, तर पंप राबेल आणि बिल येईल, दोष मात्र पंपाला लागेल. हे मी दर हिवाळ्यात बघतो. अनुदान चांगलं आहे, ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये साडेसात हजार पौंड मिळतात. पण आधी अंगावर पांघरूण घाला, मग आत शेगडी ठेवा.

अंगणवेल | ३ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

थोडं अवांतर. पुण्यात यंदा सासूबाईंसाठी रूम हीटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, तेलाचा घ्या, वीज कमी खातो. खरं का?

यंत्रवेडा | ३ ऑक्टोबर, दुपारी ३.५०

अंगणवेल, नाही. विजेचा कुठलाही साधा हीटर घ्या, २००० वॉटचा असेल तर तासाला २ युनिट घेणार आणि तेवढीच उष्णता देणार. तेलाचा सावकाश तापतो, सावकाश निवतो, आवाज करत नाही. झोपायच्या खोलीत तो बरा. पंख्याचा दोन मिनिटांत ऊब देतो, आंघोळीनंतर तो बरा. दोन्हींना १६ अँपिअरचा प्लग आणि नीट वायरिंग हवं, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. वीज खरंच वाचवायची असेल तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी बघा. तो हीट पंपच असतो.

कौलारू | ३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

आमच्या मिनेसोटात उणे ३० होतं, तिथं फायरप्लेसवर भागत नाही. तळघरात गॅसची फर्नेस, तिथून पत्र्याच्या नळ्यांतून गरम हवा सगळ्या खोल्यांत. घर झकास तापतं, पण हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, लोकरीला हात लावला की चट्टकन शॉक बसतो. फर्नेसलाच ह्युमिडिफायर जोडावा लागला.

तरी घर घेताना मी आगीची जागा असलेलं घर शोधलं, त्याचं कारण माझी बहीण. ती टेक्सासला असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिकडे बर्फ पडलं आणि वीज गेली. तिची सगळी हीटिंग विजेवर. शेजाऱ्यांकडे लाकडाची फायरप्लेस होती, तिच्यासमोर दोन घरांची आठ माणसं तीन रात्री झोपली. त्याच दिवसांत तिकडे कित्येकांनी बार्बेक्यूच्या शेगड्या घरात आणल्या, गाड्या गॅरेजमध्ये चालू ठेवल्या आणि कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेली. म्हणून रानजाई, काहीही बसवा, त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

ओवाळणी | ३ ऑक्टोबर, रात्री ८.४५

कौलारूंच्या शेवटच्या ओळीसाठी हा प्रतिसाद.

माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण माहेरी झालं, पौष महिन्यात. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत. कोळसे फुलवायचे, वर ओवा, बाळंतशोपा टाकायच्या, धुरी द्यायची. वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराच्या फटीला जुनं लुगडं कोंबलेलं. त्या रात्री आई थकून झोपली आणि शेगडी उचलायची राहिली. पहाटे आजी उठली ती बाळाच्या रडण्यानं नव्हे, बाळ रडत नाही म्हणून. आत गेली तर ताई डोकं धरून बसलेली, उठता येईना, ओकारी येतेय, जीभ जड झालेली. आजीनं आधी खिडकी उघडली, मग बाळाला अंगणात घेऊन धावली. थंड हवा लागल्यावर बाळानं जो टाहो फोडला, तो मला अजून ऐकू येतो. दोघंही वाचली.

धूर नव्हता हो त्या खोलीत. निखारे लालबुंद होते, वास ओव्याचा छान येत होता. तो वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो आणि माणसाला नुसती झोप येते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, कुणाच्याही हौसेसाठी नको.

फुलपुडी | ३ ऑक्टोबर, रात्री ९.००

ओवाळणी, वाचताना श्वास अडकला. आमच्याकडेही खिडकी लावून घेत असत. आज पहिल्यांदा कळलं काय घडू शकलं असतं.

डोंगरवाट | ४ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

नोकरीची चार वर्षं काश्मीरमध्ये होतो. तिकडे बुखारी असते, पत्र्याची उभी टाकी, तिचा धुराचा नळ भिंतीतून किंवा छतातून बाहेर काढलेला. रात्री झोपायच्या आधी ती विझवायची आणि खिडकीला बोटभर फट ठेवायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. आणि कांगडी तर अप्रतिम. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे, वर राखेचा थर. फेरनच्या, म्हणजे तिकडच्या सैल पायघोळ झग्याच्या आत धरून माणसं बाजारहाट करतात. खोली तापवत बसण्यापेक्षा माणसाला तापवा, असा तो विचार आहे.

द्राक्षबाग | ४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

आमच्या निफाडला माणसांपेक्षा बागेची काळजी जास्त. पारा घसरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. मग पहाटे उठून बागेत ओळीओळीत शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर पांघरल्यासारखा राहिला पाहिजे. सोबत विहिरीचं पाणी ठिबकनं सोडायचं, ते हवेपेक्षा उबदार असतं. घरात आम्ही फक्त घोंगडी घेतो. बंबात पाणी तापतं, त्याच्याशी दोन मिनिटं उभं राहिलं की झालं.

आजोळ | ४ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

तांब्याचा बंब! मधल्या नळकांड्यात चिपाडं, नारळाच्या शेंड्या, करवंट्या. आम्ही भावंडं शाळेच्या आधी त्याच्याभोवती हात पसरून उभी राहायचो. खाली पडलेली राख नंतर भांड्यांना.

श्वासमोकळा | ४ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

मला विरोधी सूर लावायचाय आणि तो मनापासून आहे. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. धाकट्याला दमा आहे. शेजारच्यांनी तीन वर्षांपूर्वी लाकडी स्टोव्ह बसवला, सगळे नियम पाळून. त्यांच्या खिडकीतून ती आग सुंदर दिसते. पण हवा पडलेल्या थंड संध्याकाळी तो धूर खाली उतरतो आणि आम्ही मुलाच्या खोलीची खिडकी उघडू शकत नाही. लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण इतके बारीक असतात की फुप्फुसात खोल जाऊन बसतात. नव्या स्टोव्हमधून कमी निघतात हे खरं, पण निघतात. ज्या घरात गॅस किंवा वीज आहे, तिथं दाटीच्या वस्तीत रोज लाकूड जाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिकडे भारतात आपल्या आयाबाया चुलीच्या धुरातून कुठे आता सुटतायत, आणि आपण तो धूर पैसे देऊन घरात का आणायचा?

निखारा | ४ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

श्वासमोकळा, मुलाचा त्रास वाचून वाईट वाटलं. पण चूल आणि स्टोव्ह एका तराजूत तोलू नका. चुलीचा धूर स्वयंपाकघरात कोंडतो, फुंकणीनं फुंकणाऱ्या बाईच्या थेट छातीत जातो.

श्वासमोकळा | ४ ऑक्टोबर, दुपारी १२.५०

आणि स्टोव्हचा धूर शेजाऱ्याच्या मुलाच्या छातीत जातो. तुमचं घर खेड्यात, मोकळ्यावर आहे. रानजाईंचं रांगेतलं आहे, भिंतीला भिंत लागून. तो फरक लक्षात घ्या एवढंच म्हणतेय.

निखारा | ४ ऑक्टोबर, दुपारी १.०५

हे मान्य. रांगेतल्या घरात रोज पेटवू नये.

साळुंखी | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ५.१५

आमच्याकडे सहा वर्षं लाकडी स्टोव्ह आहे, यॉर्कशायरमध्येच. कुणी लाकडाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण अर्धा धूर ओल्या लाकडाचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं. ते जाळलं तर आगीचा जोर पाण्याची वाफ करण्यातच जातो, काच काळी होते आणि चिमणीत डांबरासारखा थर चढतो. तोच थर कधीतरी पेट घेतो आणि चिमणीला आग लागते. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये थोडक्या प्रमाणात विकायचं लाकूड २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं असावं लागतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ओंडका आधी फोडून आतल्या बाजूला टोचा. बाहेरून कोरडं लाकूड आतून ओलं निघतं. यंत्र नसेल तर दोन ओंडके एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं थप् करतं.

आणि रानजाई, काहीही ठरवायच्या आधी चिमणी साफ करणाऱ्याला बोलवा, त्याला कॅमेरा आत सोडायला सांगा. शंभर वर्षांची चिमणी आहे.

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. साळुंखीताईंचं ऐकलं आणि काल माणूस बोलावला.

प्लायवूड काढल्याबरोबर काटक्यांचा लोंढाच खाली आला. काटक्या, मेंढीची लोकर, एक निळी सुतळी, चॉकलेटचे कागद. तीन पोती भरली. जॅकडॉ म्हणून इकडचा छोटा कावळा असतो, तो चिमणीत वरून काटक्या टाकत राहतो, एखादी अडकेपर्यंत, आणि मग त्यावर घरटं रचतो. नशीब, विणीचा हंगाम नव्हता, तेव्हा घरट्याला हात लावता येत नाही. मागे हिरव्या टाइल आणि ओतीव लोखंडाची चौकट निघाली, दोन्ही शाबूत. मी तिथंच जमिनीवर बसून ओल्या फडक्यानं एकेक टाइल पुसली.

पण कॅमेऱ्यात दिसलं की आतल्या विटांमधला चुना जागोजागी झडलाय. तसंच पेटवलं असतं तर धूर आणि तो वायू वरच्या झोपायच्या खोलीत झिरपला असता. त्याच खोलीत आई झोपणार आहे. ओवाळणीताई, तुमची आजी आठवली.

आजोळ | १९ ऑक्टोबर, रात्री ८.५५

चिऊच्या घरात काऊ शिरला म्हणायचं! आणि चिऊताई दार उघडायला शंभर वर्षांनी आली.

ओवाळणी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

रानजाई, वेळेवर कळलं. आता घाई करू नका.

घाटमाथा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

स्टेनलेस स्टीलचा लवचीक नळ वरपासून खालपर्यंत सोडून घ्या, लायनर म्हणतात त्याला. नोंदणीकृत माणसाकडूनच काम करवा आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, घर विकताना विचारतात. ५ किलोवॅटपर्यंतचा स्टोव्ह घ्या. त्यापेक्षा मोठा घेतलात तर भिंतीत कायमची उघडी जाळी लागते आणि तुमच्या खोलीला त्याची गरजही नाही. मोठा स्टोव्ह मंद जाळत ठेवला की धूरच जास्त करतो.

रानजाई | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

शेवटी काय ठरलं ते सांगते.

आधी माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचं इन्सुलेशन घातलं. जुनं होतं ते चार बोटं, मध्येमध्ये उंदरांनी कुरतडलेलं. दाराखिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावल्या. एवढ्यानंच बॉयलर कमी वेळा पेटतोय, हे कानाला कळतं. यंत्रवेडा, पांघरूण घातलं. हीट पंप भिंतींचं काम झाल्यावर, दोनेक वर्षांनी. नवऱ्याला तुमचा हिशेब वाचून दाखवला, त्यानं स्वतः पुन्हा मांडून बघितला आणि पटला.

आईच्या खोलीत विजेचं ब्लँकेट. शंभरेक वॉट खातं, म्हणजे डोंगरवाटांची कांगडीच. आणि पुढच्या खोलीत लायनर टाकून छोटा ५ किलोवॅटचा स्टोव्ह, मान्यताप्राप्त. अलार्म स्टोव्हपासून दोन मीटरवर. श्वासमोकळाताई, शेजारच्या आजींना आधी जाऊन विचारलं, त्यांना छातीचा त्रास आहे का म्हणून. नाही म्हणाल्या. तरीही आठवड्यात दोनच संध्याकाळी पेटवू आणि सुकंच लाकूड वापरू. हा शब्द तुम्हालाही देते.

श्वासमोकळा | १६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

विचारायला गेलात हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे कुणी आलं नव्हतं.

रानजाई | २१ डिसेंबर, रात्री १०.०५

आई आली. पहिले दोन दिवस ती स्टोव्हच्या बंद काचेकडे संशयानं बघत होती. "टीव्हीत दाखवतात तसला आहे का?" म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः काडी लावली. आमच्या इकडच्या माणसानं शिकवलं होतं तसं मोठे ओंडके खाली, बारीक काटक्या वर आणि ज्योत वरून खाली. तिला ते अजिबात पटलं नाही, चूल अशी पेटवतात का म्हणून. पण धूर झाला नाही तेव्हा गप्प बसून बघत राहिली.

आज संध्याकाळी मी कामावरून आले तर घरभर ओळखीचा वास. ज्योत निवून निखारे झाले तेव्हा तिनं दार उघडून चिमट्यानं वांगं आत ठेवलं होतं. साल काळं होऊन टरटरून फुटलेलं, देठाशी रस उकळत होता. राख झटकून तिनं ते ताटात घेतलं आणि बोटं फुंकत सोलायला बसली. रेडिएटरकडे पाठ होती, तोंड विस्तवाकडे.

आजोळ | २१ डिसेंबर, रात्री १०.२०

वांगं फॉइलमध्ये गुंडाळून की थेट?

रानजाई | २१ डिसेंबर, रात्री १०.३१

थेट. तेलाचा हात लावून, सुरीनं चार टोचे मारून, दोनात लसूण खोचून. आई म्हणते, फॉइलमध्ये ते उकडतं, भाजत नाही.